हळदीच्या हंगामातल्या कादंबऱ्या

हळद शिजायला लागली की मला अजूनही धास्ती वाटते. शिवारात कुठेतरी पहिला धूर निघतो, त्यामागून तो ओला, मातकट, जरासा गोडसर वास येतो आणि आमच्या डोंगरकडा गावातली माणसं खुशीत दिसायला लागतात, कारण नऊ महिन्यांचं पीक हातात येणार असतं. खरं तर मीही खुशीत असायला हवं, माझा धंदाच तो. ट्रॅक्टरमागे हळदीचा कुकर, म्हणजे वाफेचा बॉयलर आणि दोन ड्रम, जोडून मी या शेतातून त्या शेतात फिरतो आणि लोकांची हळद शिजवून देतो. फेब्रुवारी ते एप्रिल मला धड जेवायला फुरसत नसते. पण तीन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यापासून हा वास नाकात शिरला की हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे जातो. पोरीचा फोन येऊन गेला नाही ना, ते मी बघतो. नसतो आलेला. मग थोडा वेळ बरं वाटतं.

त्या उन्हाळ्यात मी अकरा कादंबऱ्या वाचल्या, त्यातल्या काही दोनदा. एरवी माझं वाचन म्हणजे वर्तमानपत्र आणि खताच्या पोत्यावरचा मजकूर. आणि कादंबऱ्या तरी कसल्या? पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुली, त्यांची ऑफिसं, त्यांच्या मांजरी, वरच्या मजल्यावरचा घटस्फोटित चित्रकार, नोकरी सोडून कोकणात काढलेलं छोटंसं हॉटेल, आणि शेवटच्या वीस पानांत मिटणारा एक गैरसमज. दर दहा पानांनी कोणीतरी कॉफी करायला उठायचं. मला आधी त्या कॉफीचा राग यायचा. नंतर नंतर कोणी उठलं नाही तर काळजी वाटायला लागली.

हे वाचन मी हौसेनं केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी भीतीनं वाचत होतो.

प्रज्ञा, माझी एकुलती एक मुलगी, लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं, म्हणून दुसरं वर्ष. मार्चच्या सुरुवातीला तिच्या हॉस्टेलवरच्या बाईंचा फोन आला. "पोरगी चार दिवस झाले नीट जेवत न्हाई. वर्गात जाते, पण वही कोरी असते. घेऊन जा तुमी." मी एका शेतकऱ्याचा अर्धा माल शिजवून, अर्धा तसाच ठेवून लातूर गाठलं. ती बॅग भरून पायरीवर बसली होती. मला बघून उठली आणि बॅग माझ्या हातात दिली. येताना पूर्ण रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्याकडे.

नांदेडच्या डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी तासभर बोलून मग आम्हाला आत घेतलं. तिला जगण्याचाच कंटाळा आलाय, असं ती म्हणते, हे त्यांनी आम्हाला अगदी शांतपणे सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. "एकटी ठेवू नका. अभ्यासाचं नाव काढू नका. आणि लक्ष ठेवा," म्हणाले. लक्ष ठेवा म्हणजे नेमकं काय करा, ते मी विचारलं नाही. वाटलं, बापाला ते येतच असेल.

त्याच संध्याकाळी मी घरातली फवारणीची सगळी औषधं उचलून भावाच्या गोठ्यात कुलपात ठेवली. सवितानं, माझ्या बायकोनं, विहिरीकडच्या दाराला आतून कडी घातली आणि कडीला तार गुंडाळली. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता ही कामं करत होतो, पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तशी.

सविता अंगणवाडीवर असते. सकाळी ती प्रज्ञाला सोबत न्यायची, दुपारी दोघी घरी. आणि मी दिवसभर शिवारात. हंगाम डोक्यावर होता, लोकांची हळद काढून पडलेली होती, वेळेत शिजली नाही तर कुजणार. ड्रम भरायचा, वाफ सोडायची, आणि ती वीस-पंचवीस मिनिटं बसून राहायचं. त्या वीस-पंचवीस मिनिटांत माझं डोकं नको तिथं जायचं. मग मी फोन करायचो.

"जेवली का माय?"

"व्हय."

"काय करून राहिली?"

"वाचून राहिले."

दिवसातून आठ-दहा वेळा हेच. शेवटी ती वैतागून म्हणायची, "पप्पा, मघाशीच सांगितलं ना." तिचा वैताग ऐकला की मला हायसं वाटायचं, कारण वैतागणारं माणूस जागेवर असतं.

ती वाचत होती ती पुस्तकं गावातल्या बुद्धविहारातल्या वाचनालयातली होती. तिथं सगळी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. पण एक पत्र्याची पेटी वेगळी होती. बँकेतल्या एक मॅडम बदली होऊन जाताना आपल्या कादंबऱ्या देऊन गेल्या होत्या आणि त्या कोणी हातात घेत नव्हतं. वाचनालय बघणारे पाईकराव गुरुजी स्वतः पिशवी घेऊन घरी आले. म्हणाले, "हे वाच लेकरा. अभ्यासाचं काहीच न्हाई याच्यात, मी तपासून पाहिलं." आमच्यासारख्या घरात हे वाक्य म्हणजे नवलच. माझे वडील, आबा, दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते, तिशी उलटल्यावर अक्षरं शिकले. त्यांच्या लेखी वाचायचं ते शिकण्यासाठी, मोठं होण्यासाठी. पुस्तक हात धुऊन उघडायचं, जमिनीवर ठेवायचं नाही, आणि पान दुमडायचं तर नाहीच नाही. लहानपणी मी एकदा खुणेसाठी कोपरा दुमडला तर त्यांनी तो दोन बोटांनी सरळ केला, वरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "त्याचा कान काहून मोडला रे?" मारलं नाही, पण ते विचारणं माझ्या अंगात बसलं.

प्रज्ञानं पहिलं पुस्तक वाचायला घेतलं आणि माझ्या मनात आलं, हिच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला ही सांगत नाही. निदान डोक्यात काय जातंय ते तरी बघावं. रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी पुस्तक उघडलं. एक पान दुमडलेलं होतं. तेच आधी वाचलं. त्या पानावर ती कथेतली मुलगी इमारतीच्या गच्चीवर उभी होती, कठड्याला टेकून, खाली बघत. तेवढ्यात आतून कडी वाजली, मी पुस्तक ठेवलं आणि कुकर घेऊन निघालो. पण शेतात पोचेपर्यंत धीर निघेना. पहिला ड्रम लावून गड्याला म्हणालो, तू बघ, आणि त्याची मोटारसायकल काढून परत आलो. घरात शिरलो तर पोरगी ओसरीत उताणी झोपलेली, पुस्तक पोटावर, तोंड उघडं. सविता ताटात डाळ निवडत होती.

"काय राहिलं?" तिनं विचारलं.

"पाना," मी म्हणालो.

"पाना तर तुमच्या हातात हाय."

खरंच होता. तसाच परत गेलो.

दोन दिवसांनी तिचं ते पुस्तक वाचून झालं, तेव्हा परत द्यायच्या निमित्तानं मी ते घेतलं आणि ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवून तुकड्या-तुकड्यानं अख्खं वाचलं. ती मुलगी गच्चीवर मांजर शोधायला गेली होती. मांजर खाली एका स्कूटरच्या सीटवर झोपलं होतं आणि त्या स्कूटरवाल्याशी पुढे तिचं लग्न होतं. मी त्या शेतात एकटाच मोठ्यानं हसलो. त्या दिवशी मी ठरवलं की दुमडलेल्या पानांवर विश्वास ठेवायचा नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट वाचायचं. पान दुमडलेलं दिसलं की मी ते बोटांनी सरळ करायचो, अंगठा फिरवायचो आणि पुढे जायचो.

अशी माझी शाळा सुरू झाली. हात साबणानं धुवायचो, पण हंगामात हळदीचा रंग हातांतून जात नाही, जेवताना भाकरीलाही लागतो. वाफेच्या फुसफुशीत बसून मी त्या पोरींच्या काळज्या करायचो. हिनं राजीनामा दिला, आता घरभाडं कसं भरेल? त्यानं पत्र पाठवलं, ते शेजारणीच्या हाती का पडलं? आणि वाचता वाचता आपली पोरगी दहा-पंधरा मिनिटं डोक्यातून जायची, मग एकदम आठवायची. तेवढ्यात काही झालं असतं तर? लगेच फोन. "जेवली का माय?"

एप्रिलमध्ये तांड्यावरच्या शामराव राठोडांची हळद शिजायला लावली होती. हळकुंडात काडी सहज शिरली की शिजली, याची आठवण बारा वर्षांत मला कोणाला करून द्यावी लागली नव्हती. त्या दिवशी मी वाचत बसलो. कथेतल्या मुलीची नोकरी गेलेली, ती बहिणीकडे राहायला आलेली. बहीण स्वयंपाक करता करता, पाठमोरीच विचारते, बरी आहेस ना? ही म्हणते, हो. आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडते. कोपरा दुमडलेला होता, मी सरळ केला. आणि मला काय झालं कोण जाणे, डोळे वाहायला लागले. वास बदलला ते कळलंच नाही. शामरावांनी ड्रम उघडायला लावला तेव्हा हळकुंडं मऊ पडून काळसर झाली होती.

"हळद शिजवून राहिले का भाजी?" शामराव म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या मांडीवर गेली. "पोथी हाय का?"

"न्हाई. कादंबरी."

"कोण मेलं त्याच्यात?"

"अजून कोणीच न्हाई."

"मंग काहून रडून राहिले?"

धूर गेला डोळ्यात, असं मी सांगितलं. त्यांनी स्वतःच उरलेली लाकडं बाजूला ओढली. पण चार दिवसांत गावभर झालं की बॉयलरवाला कादंबरी वाचत बसला आणि त्यानं एक घाणा बिघडवला. ओट्यावर बसलेले लोक मला हाका मारून विचारायचे, पुढं काय झालं म्हणून. मी शरमेनं मान खाली घालायचो. घरी प्रज्ञा मला ताट वाढताना माझ्या हातांकडे बघत राहिली, एवढं आठवतं.

पेटीतली अकरा पुस्तकं संपली. मला वाटलं, आता काय? पण तिनं गुरुजींकडून तीच परत मागवली, पहिल्यापासून. पोरीला आवडली म्हणून मी खूश. मीही तिच्यामागून पुन्हा वाचली, आणि या वेळी तर कोपरे जास्तच दुमडलेले. मी मनात म्हटलं, आबा असते तर किती बोलले असते. एकेक सरळ केला, चांगला अंगठा दाबून, आणि पुस्तकं होती तिथं, तिच्या उशाशी, परत ठेवली.

मे महिना लागला. परीक्षेचं प्रवेशपत्र आलं, ते मी कळमनुरीला जाऊन छापून आणलं. फॉर्म आधीच भरलेला होता, केंद्र नांदेडचं होतं. मी कपाटात ठेवलं ते सवितानं पाहिलं.

"तिला विचारा तरी," ती म्हणाली.

"डॉक्टरनं परीक्षेचं नाव काढू नका म्हटलं हाय."

"नाव न काढता कार्ड बराबर काढून आणलं का तुमी?"

खरं सांगायचं तर मला विचारायची भीती वाटत होती. ती नाही म्हणाली तर दोन वर्षं गेली, आणि हो म्हणाली तर तिच्या त्या 'हो'च्या मागे काय आहे, ते मला कळणार नव्हतं. मी आपलं आदल्या दिवशी एवढंच म्हणालो, "उद्या नांदेडला जायचं हाय." तिनं मान हलवली. पोरगी स्वतःहून तयार झाली, असं मी स्वतःला समजावलं.

सकाळी सातला आम्ही वारंगा फाट्यावर नांदेडच्या बसची वाट बघत उभे होतो. ट्रक जात होते, हॉटेलवाला भज्यांचं तेल तापवत होता. माझ्या हातात पारदर्शक पिशवी, तिच्यात कार्ड, फोटो, पाण्याची बाटली. आम्ही बाकावर बसलो.

"पप्पा," ती म्हणाली, "मी वाचलेली पुस्तकं तुमी वाचता ना?"

मी चोरी पकडल्यासारखा बघत राहिलो. "शामरावनं सांगितलं का?"

"कोण कशाला सांगते? पानापानावर तुमचे अंगठे हायेत, पिवळे. पहिल्यांदा वाचताना नव्हते, दुसऱ्यांदा घेतली तवा दिसले." ती थांबली. "पहिल्यांदा मी आपली खूण म्हणून दुमडत व्हते. दुसऱ्यांदा तुमच्यासाठी दुमडली."

मला काही कळेना.

"तुमी वाचता म्हणून. मला बोलता येत नव्हतं तिथली पानं दुमडली. तुमी सगळी सरळ करून पाठवली. एक पण ठेवलं न्हाई. मला वाटलं, तुमी न्हाई म्हणून राहिले. गप बस, परीक्षा दे, असं."

"अगं, कान मोडला व्हता म्हणून मी..." एवढंच माझ्या तोंडून आलं. इतके दिवस पोरगी मला काहीतरी सांगत होती आणि मी दर वेळी तिच्या तोंडावर दार लावत होतो, तेही प्रेमानं, अंगठा दाबून. नळ सोडून रडणाऱ्या त्या कागदावरच्या पोरीसाठी मी रडलो होतो. माझी पोरगी घरात बसून वाट बघत होती की पप्पा ती पानं वाचून येतील आणि काहीतरी विचारतील.

नांदेडची बस आली. कंडक्टरनं दारातून आवाज दिला, "नांदेड, नांदेड. चला." प्रज्ञा माझ्याकडे बघत होती.

"मला न्हाई बसायचं परीक्षेला, पप्पा. मला लातूरच्या त्या खोलीत परत जायचं न्हाई."

"नको जाऊ," मी म्हणालो.

कंडक्टरनं आमच्याकडे पाहिलं, घंटी मारली आणि बस गेली. दोन वर्षं बसच्या मागच्या काचेतून जाताना मला दिसली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठी भीती समोर बाकावर बसली होती, आणि त्या सकाळी पहिल्यांदा मला वाटलं की आता विचारलं नाही तर मी कधीच विचारणार नाही. मी पिशवी खाली ठेवली.

"माय, तुला मरावं वाटत व्हतं का?"

असा प्रश्न कोणता बाप आपल्या लेकराला विचारतो? माझा आवाज मलाच ओळखू येईना. पण ती घाबरली नाही. तिचे खांदे जरा खाली आले, डोक्यावरचा भारा कोणीतरी हात लावून उतरवला की बाईचे येतात तसे.

"व्हय," ती म्हणाली. "आता रोज न्हाई वाटत."

मी तिच्या त्या "रोज"पाशीच अडकलो. मला "आता न्हाई" हवं होतं. ते मिळणार नव्हतं. जे होतं ते असं होतं, आणि ते तिनं मला खरं सांगितलं होतं.

"ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी सांगशील का? पानं नको दुमडू. सरळ मला सांग."

"तुमी घाबरताल."

"घाबरीन," मी म्हणालो. "तरी सांग."

आता ती नांदेडला बी.ए. करते, दोन मैत्रिणींसोबत खोली करून राहते. गोळ्या कमी झाल्या आहेत, डॉक्टर म्हणतात, छान चाललंय. मीही तेच म्हणतो, कोणी विचारलं की. उन्हाळ्यात ती मला पुस्तकं आणून देते, तसलीच, कॉफीवाली. मी ती ड्रमाशेजारी बसून वाचतो आणि काडी घालून बघायचं विसरत नाही. पण ते छान चाललंय म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

काल दुपारी फोन आला. ती म्हणाली, "पप्पा, आज तसा दिवस हाय."

दोन्ही ड्रम भरलेले होते. मी वाफ बंद केली, शेतकऱ्याला म्हणालो, तुमची हळद अर्धी कच्ची राहील, मला जावं लागेल. त्यानं माझं तोंड पाहिलं आणि हातानंच जा म्हणून सांगितलं. जाता जाता गड्याकरवी सविताला निरोप धाडला, आणि वारंग्याच्या फाट्यावर मिळाली त्या बसमध्ये चढलो. प्रज्ञाला म्हणालो होतो, फोन ठेवू नको. फोन कानाला लावून, एका हातानं वरचा दांडा धरून मी उभा होतो. तिकडून तिचा श्वास ऐकू येत होता. मध्ये रेंज गेली तेव्हा मी हॅलो, हॅलो करत राहिलो. परत आली.

बस अर्धापूरच्या पुढे निघाली तेव्हा तिचा आवाज आला.

"पप्पा."

"बोल माय."

"बसायला जागा भेटली का तुमाला?"

"न्हाई," मी म्हणालो. "लई गर्दी हाय."

"मंग ड्रायव्हरच्या मागं जा," ती म्हणाली. "तिथं उतरतेत लोकं."